मराठीबंदी

पट्टणशेट्टींच्या घरात मराठीबंदी लागू झाल्यापासून त्यांच्या गोदामाला फार चांगले दिवस आले होते.

मंगळवार पेठेतल्या त्या घराच्या खालच्या मजल्यावर पुढं दुकान, मागं गुळाचं गोदाम आणि वर राहतं घर. इतकी वर्षं गोदामात मुंगळे आणि हमाल सोडले तर कुणी फिरकत नसे. आता घरातल्या माणसाला माणसाशी बोलायचं झालं की तो नुसता अंगठा जमिनीकडं करी, आणि दोघं जिना उतरून गुळाच्या रव्यांमध्ये, म्हणजे मोठाल्या ढेपांमध्ये, जाऊन बसत. भाजी काय करायची ते गोदामात ठरे. दिवाळीच्या कपड्यांची चर्चा गोदामात. गुडघेदुखीनं बेजार असलेली आजी गंगव्वा धाकट्या लेकाला रागावायचं म्हणून भिंत धरून जिना उतरे, मनासारखं रागावून घेई, आणि परत भिंत धरून वर जाई.

बंदीचं कारण घरातली नात, शांभवी. तिसरीपर्यंत ती महापालिकेच्या मराठी शाळेत होती. चौथीला तिच्या बापानं, म्हणजे आजोबा शिवाप्पाच्या थोरल्या लेकानं, सोमशेखरनं, तिला इंग्रजी शाळेत घातलं. आषाढात पालकांची सभा झाली. तिथं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं की मुलांशी घरी इंग्रजीत बोलत जा. बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि घरी जाऊन मराठीत जेवायला बसले. पट्टणशेट्टींचं तसं नव्हतं. जाणत्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्या घराण्याची रीत. मागं डॉक्टरांनी शिवाप्पाला मीठ कमी करा म्हटलं, तर घरातल्या लोणच्याच्या सगळ्या बरण्या शेजारी गेल्या आणि शेजाऱ्याचं ब्लडप्रेशर वाढलं.

तेव्हा सोमशेखरनं ठराव मांडला आणि शिवाप्पानं घरातला थोरला म्हणून तो मंजूर केला. शांभवीच्या कानावर मराठी पडता कामा नये. कानडीसुद्धा नाही. ज्याला इंग्रजी येतं त्यानं बोलावं, ज्याला येत नाही त्यानं गप्प बसावं. ठरावाचा दुसरा भाग जवळजवळ सगळ्यांनाच लागू होतो, हे नंतर ध्यानात आलं.

कारण घरात इंग्रजी होतं ते असं. सोमशेखर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर. त्याचं इंग्रजी कास्टिंगपुरतं होतं, आणि त्यातलंही बरंचसं कास्टिंग नापास करायचं. त्याची बायको शिवलीला बी.ए. झालेली, तिला वाचता येई, पण तोंडून काढायचं म्हटलं की घशाला कोरड पडे. दुकान बघणारा धाकटा संगमेश क्रिकेटची कॉमेंट्री ऐकून तयार झाला होता. त्याचं इंग्रजी चांगलं होतं, पण त्यात कुणी आऊट झाल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. शिवाप्पाकडं 'थँक्यू' होतं. गंगव्वाकडं 'टाटा'.

संकेश्वराकडून सून म्हणून आलेली गंगव्वा देवाशी कानडीत बोले, सुनेशी मराठीत, आणि नवऱ्याशी, राग ज्या भाषेत जास्त चांगला मावेल त्या भाषेत. आता ती ताटात भाकरी आपटून बोलू लागली. एकदा आपटली म्हणजे जेवा. दोनदा आपटली म्हणजे कळेल कधी तरी.

एवढं करून पोरीला इंग्रजी आलं का? शाळेत ती जूनपासून गप्प होती. श्रावण सरता सरता घरातही गप्प झाली. खुणेनं पाणी मागे, खुणेनं नको म्हणे. सोमशेखर म्हणाला, ती आता इंग्रजीतून विचार करायला लागली असणार. शिवाप्पाला ते पटलं नव्हतं. पण ठराव त्यानं मंजूर केलेला होता, आणि मंजूर केलेल्या गोष्टीवर परत विचार करायला माणसाला जी लाज वाटते, ती त्यालाही वाटत होती.

गणपती उठल्यावर शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका क्रांती मॅडम रविवारी घरी येणार होत्या. शांभवी वर्गात तोंड उघडत नाही. असंच चाललं तर दिवाळीनंतर तिला दुसरीत बसवावं लागेल, असं मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं होतं.

रविवारी सकाळी सगळं घर गोदामात जमलं. शांभवी तेवढी वर चित्र काढत बसली होती.

संगमेशनं आधी तोंड फोडलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. पोरगी पहिल्या शाळेत वर्गात पुढं बसत होती, पाढे म्हणत होती, मास्तरांच्या चुका काढत होती. तिला परत तिकडं घाला. चौथीतली पोर दुसरीत, लहान पोरांच्यात बसली, तर ती जन्मभर मान वर करणार नाही.

"आणि जन्मभर गूळ तोलू दे व्हय?" सोमशेखर म्हणाला.

"तोललेल्या गुळावरच तू शिकलास, दादा."

शिवलीला नवऱ्याच्या बाजूनं होती, निदान उभी तरी त्याच्या बाजूला होती. ती म्हणाली की अजून थोडे दिवस बघू. गंगव्वा एका रव्यावर टेकली होती. तिनं कुणाचीच बाजू घेतली नाही. तिला फक्त बोलायला मिळतंय याचंच समाधान होतं, म्हणून ती मधे मधे भाजीवाल्याबद्दल बोलत होती.

सगळे शिवाप्पाकडं बघू लागले. शिवाप्पा टोपी काढून डोकं खाजवू लागला. त्याला वाटत होतं, संगमेशचं बरोबर आहे. आणि सोमशेखरचंही चूक नाही. मागल्या साली फौंड्रीत जर्मनीचे साहेब आले, तेव्हा ज्या पार्टची घडण सोमशेखरनं स्वतः उभं राहून बसवली होती, त्याची माहिती सांगायला पुण्याचा एक नवखा पोरगा पुढं केला गेला. सोमशेखर मागं उभा राहिला, डोक्यावर हेल्मेट घालून. ही गोष्ट त्यानं घरी एकदाच सांगितली होती, जेवताना, आणि नंतर त्या रात्री भात परत मागितला नव्हता.

शिवाप्पा काही बोलायच्या आत वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅडम रस्त्याकडच्या जिन्यानं वर येऊन बसल्या होत्या.

पाचही जण एकामागोमाग एक वर गेले. खोलीत चटईवर शांभवी, आणि खुर्चीवर एक बारकीशी, सुती साडीतली, पंचविशीची बाई. तिनं उठून नमस्कार केला. पाचही जणांनी नमस्कार केला. शांभवी समोर होती, म्हणून कुणी काही बोललं नाही.

मॅडम म्हणाल्या की त्या मूळच्या मलकापूरच्या, इथं मावशीकडं राहतात, आणि अचानक आल्या त्याबद्दल रागावू नये. पाचही जणांनी हसून माना हलवल्या. मॅडमनी विचारलं, शांभवी घरी काय काय बोलते? शिवलीलानं सोमशेखरकडं बघितलं. सोमशेखरनं घसा खाकरला, ओठ हलवले आणि खिडकीबाहेर बघितलं. गंगव्वानं मूठ तोंडाशी नेऊन, मान मागं टाकून, चहा घेणार का असं विचारलं. संगमेशनं दोन बोटांनी साखर किती, ते विचारलं.

मॅडमचा चेहरा बदलला. त्यांच्या डोळ्यांत एकदम इतकी माया आली की शिवाप्पाला अवघडल्यासारखं झालं. त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं, हातवारे करत बोलू लागल्या. मला, माहीत, नव्हतं. शाळेनं, मला, सांगितलं, नाही. आपण, सगळे मिळून, मार्ग काढू.

गंगव्वानं आत चहा करता करता एवढं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं चहाचा कप आणून मॅडमपुढं ठेवला.

"बाई, आमी मुकं-बहिरं न्हाय. आमच्यात मराठी बंद हाय."

दोन महिन्यांत पोरीसमोर बोललं गेलेलं ते पहिलं मराठी वाक्य होतं.

मॅडमनी विचारलं, बंद कुणी केली? गंगव्वानं हनुवटीनं नवरा आणि लेक दोघंही दाखवले. मग सोमशेखरला बोलावंच लागलं. तुमच्याच शाळेनं सांगितलं होतं, तो म्हणाला, आम्ही तंतोतंत पाळलं. त्याच्या बोलण्यात तक्रार कमी आणि शाबासकीची अपेक्षा जास्त होती.

मॅडमनी शांभवीकडं बघितलं. मग त्यांनी विचारलं, "हे शांभवीला कुणी सांगितलं होतं का? घरात का बोलत नाहीत ते?"

आता घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. सांगितलं होतं. सोमशेखरनंच सांगितलं होतं, बंदी लागू झाली त्या संध्याकाळी, पोरीला समोर बसवून. पण बंदी लागू झालेली असल्यामुळं इंग्रजीत सांगितलं होतं.

शांभवीनं रंगीत पेन्सिल खाली ठेवली. ती बापाकडं नाही, आजोबाकडं बघत होती.

"म्हंजे मला येत न्हाय म्हणून तुमी माझ्यावर रागावला न्हाईसा?"

शिवाप्पानं आयुष्यात गुळाच्या सौद्यात पुष्कळ नुकसान सोसलं होतं. उभा ऊस लोळलेला पाहिला होता. पण एवढं मोठं नुकसान आपल्याच हातून झालेलं त्याला आठवेना. पोरगी इतके दिवस रोज शाळेतून यायची, दप्तर ठेवायची, आणि ती आत आली की घर बोलायचं थांबायचं. तिनं दुसरं काय समजायचं होतं?

शिवलीला चटईवर बसली आणि तिनं पोरीला मांडीत ओढलं. संगमेश उगाचच सांडशी शोधायला आत गेला.

मॅडमनी कुणाला बोल लावला नाही. त्यांनी वर्गातलं सांगितलं. शांभवीची आकड्यांची गणितं सगळ्यांच्या आधी होतात. शब्दांचं गणित आलं की पेन्सिल थांबते. विज्ञानाच्या तासाला ती फळ्यावरचं चित्र जसंच्या तसं काढते, पण चित्रात काय चाललंय ते तिला कुणी सांगितलेलंच नसतं, कारण सांगणं सगळं इंग्रजीत. ती गप्प आहे, पण बघा, ती ऐकते. सगळं ऐकते. मीही मलकापूरहून शिकायला आले तेव्हा वर्षभर अशीच खांबाला टेकून बसले होते, मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. वर्गात त्या तिला धैर्यशीलजवळ बसवणार होत्या. त्या पोराला दोन्ही भाषा येतात आणि त्याला बोलायचा कंटाळा म्हणून नाही. शांभवीनं आधी त्याच्या कानात मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत प्रयत्न करायचा; अडलं तर चित्र, हात, काहीही चालेल. आणि घरी सगळ्यांनी तिच्याशी बोलायचं. पोटभर. जमेल त्या भाषेत. उद्याचा धडा कशावर आहे ते मॅडम आज सांगून पाठवणार, आणि घरानं तिला ते आपल्या भाषेत समजावायचं.

सोमशेखर हे ऐकून उठून उभा राहिला. तो आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, मराठी तर तिला येतंयच. इंग्रजी यावं म्हणून घातलीय मी. परत मराठीच बोलत बसलो तर इंग्रजी कुठनं येणार?"

"पाऊस कसा पडतो हे तिला मराठीत कळलेलं असलं, की मला नुसते शब्द द्यायचे राहतात," मॅडम म्हणाल्या. "कळलेलंच नसलं, तर मला वर्गात पाऊसबी पाडाय लागतोय की." बोलता बोलता मलकापूर बाहेर आलं, ते त्यांच्याही लक्षात आलं, पण त्यांनी ते आत घेतलं नाही.

सोमशेखर म्हणाला, हे सांगायला सोपं आहे. उद्या मोठ्या साहेबासमोर उभं राहायची वेळ आली की कानात सांगायला कोण धैर्यशील असतो?

तेव्हा शिवलीला बोलली. लग्न होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, आणि सासूसासऱ्यांसमोर नवऱ्याचा शब्द तिनं खोडलेला नव्हता.

"साहेबासमोर तुमास्नी बोलाय मिळालं न्हाय, त्याची परीक्षा हिनं द्यायची व्हय?"

सोमशेखर खाली बसला. बायकोकडं त्यानं रागानं बघायला हवं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता; पुष्कळ वेळ उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी बस म्हणावं, तसं काहीतरी होतं. संगमेश सांडशी न घेता बाहेर आला आणि भावाच्या शेजारी बसला. सकाळी ज्या शाळेतून पोरीला काढायला तो निघाला होता, तिच्याबद्दल आता म्हणाला, दादा, दिवाळीपर्यंत तरी राहू दे तिथं, बघू की.

मग परत सगळे शिवाप्पाकडं वळले. मंजूर त्यानं केलं होतं, रद्दही त्यानंच करायचं होतं. असल्या वेळी चार शब्द बोलावेत असं त्याच्या मनात होतं. पण पोरीचे डोळे त्याच्यावर लागलेले बघून त्याला एकही सुचेना. शेवटी, सकाळचे जेमतेम अकरा वाजले असताना, त्यानं तिला कानडीत विचारलं, "ऊटा आत?" जेवलीस का?

"न्हाय अज्जा," शांभवी म्हणाली, आणि तेवढ्यावर न थांबता तिनं सांगितलं की काल भाकरी करपली होती, पण ती गप्प बसली. पेन्सिलीचं टोक मोडलंय. वर्गातल्या एका पोरीच्या डब्यात रोज बटाटा असतो. आणि मांजराला गोदामात पिल्लं झाली आहेत हे कुणालाच माहीत नाही, तिला माहीत आहे. क्रांती मॅडमचा चहा गार झाला. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

त्या दिवसापासून गोदाम परत मुंगळ्यांकडं गेलं.

घरानं मॅडमचं सांगणंही तंतोतंतच पाळलं; ती खोड काही जाण्यातली नव्हती. पाऊस कसा पडतो हे गंगव्वानं सांगितलं. आमटीच्या पातेल्यावर ताट झाकायचं, थोड्या वेळानं उचलायचं, ताटाच्या पोटाला लागलेलं पाणी पोरीच्या हातावर पाडायचं. अर्ध्या कानडीत आणि अर्ध्या मराठीत तिनं समुद्र, ऊन आणि ढग त्या पातेल्यात बसवले, आणि हे सगळं शिवाच्या कृपेनं होतं असं शेवटी जोडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच धडा निघाला, तेव्हा शांभवीला मॅडमचं एकही वाक्य पुरतं कळलं नाही, तरी काय चाललंय ते सगळं कळलं. घरी येऊन तिनं सांगितलं की मॅडमनी अज्जीच्या वाफेला एक इंग्रजी नाव दिलं. गंगव्वानं ते नाव शिकून घेतलं नाही. पण आपल्या वाफेची शाळेत दखल घेतली गेली हे तिनं शेजारच्या शालूबाईंना दोनदा सांगितलं.

अपूर्णांक संगमेशनं गुळाच्या ढेपेवर शिकवले, आणि शिकवून झाल्यावर उदाहरण दोघांनी खाल्लं. सोमशेखर कामावरून आला की धडा वाचायला बसे. आधी तो पोरीला शिकवायला बसायचा. मग हळूहळू कोण कुणाला शिकवतंय ते कळेनासं झालं. उच्चार अडला की दोघं मिळून शिवलीलाला हाक मारत. तिला त्या दोघांसमोर इंग्रजी वाचताना घशाला कोरड पडत नसे, कारण चूक काढणारं तिथं कुणी नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाई मात्र सहजासहजी ऐकणाऱ्या नव्हत्या. दिवाळीआधी तोंडी परीक्षा होती. आपल्या घरात घडलेली एखादी गोष्ट मुलांनी उभं राहून इंग्रजीत सांगायची होती. क्रांती मॅडमनी निरोप पाठवला: शांभवीची परीक्षा बाई स्वतः ऐकणार आहेत. पाठ केलेलं त्यांना चालणार नाही. गोष्ट झाल्यावर त्या आपल्या मनानं एक प्रश्न विचारतील. त्याचं उत्तर आलं तर चौथी, नाही आलं तर दुसरी.

सोमशेखर त्या रात्री एक पानभर इंग्रजी गोष्ट लिहून काढायला बसला होता. शांभवीनंच त्याला थांबवलं. मॅडम म्हणाल्यात, आधी मराठीत नीट ऐकून घे, मग तुझं तू सांग. तेव्हा गोष्ट सांगायचं काम शिवाप्पाकडं आलं.

त्यानं गुऱ्हाळाची गोष्ट काढली. लग्न नुकतंच झालेलं, गंगव्वाला मराठीचा गंध नाही. तो तिला नदीपलीकडच्या मळ्यातलं गुऱ्हाळ दाखवायला घेऊन गेला. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस उकळतोय, भेंडीचं पाणी टाकून मळी काढणं चाललंय, आणि हा नवा नवरदेव बायकोसमोर ऐट म्हणून काहिलीवर वाकला. डोक्यावरची पांढरी टोपी सुटली ती थेट पाकात. सगळं गुऱ्हाळ थांबलं. गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारा गुळव्या म्हणजे तिथला राजा. त्यानं झाऱ्यानं टोपी वर काढली, उजेडाकडं धरून बघितली, आणि गंभीरपणे म्हणाला, पाक अजून कच्चा हाय, टोपी तेवढी तयार झालीया. टोपी कितीदा धुतली, तरी पुढं आठवडाभर शिवाप्पा जाईल तिथं मागून मुंग्यांची रांग.

गंगव्वाला यातलं निम्मं मान्य नव्हतं. ती आतून म्हणाली, वाकला बिकला न्हवता, उभ्या उभ्याच पडली. शिवाप्पा म्हणाला, तुला काय ठाऊक, तुझी मान खाली होती. या भांडणात शांभवीनं गोष्ट चारदा ऐकली, दोन्ही बाजूंनी, आणि मग मराठीत परत सांगून दाखवली, इतकी छान की दोन्ही पक्षांना ती आपलीच वाटली.

परीक्षेच्या दिवशी शिवाप्पा डबा द्यायच्या निमित्तानं शाळेत गेला. डबा सकाळीच दप्तरात गेलेला होता. त्यानं दुसरा नेला. शिपायानं त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. योगायोगानं तो बाक चौथीच्या खिडकीखाली होता, आणि योगायोग व्हावा म्हणून शिवाप्पानं शिपायाला गुळाची ढेप दिली होती.

आत एकेक पोर बोलत होतं. त्यातलं काही कळत नव्हतं. मग शांभवीचं नाव आलं.

ती बोलायला लागली. एक वाक्य झालं. अर्धं झालं. थांबली. शिवाप्पा खिडकीकडं कान करून बसला. वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. मुख्याध्यापिकाबाईंचा जाडसर आवाज काहीतरी म्हणाला, आणि त्यावर क्रांती मॅडम हळूच काहीतरी म्हणाल्या. मग कुजबुज ऐकू आली. मराठीत. शांभवी धैर्यशीलला सांगत होती, "टोपी पडली की सगळी बोलायची थांबली." आणि मग ती तेच मोठ्यानं म्हणाली, इंग्रजीत.

त्यानंतर शिवाप्पाला एक चमत्कारिक अनुभव आला. आत पोरगी न समजणाऱ्या भाषेत बोलत होती आणि त्याला सगळं समजत होतं. आता रस उकळला. आता ती थांबली, म्हणजे आता तो वाकला. आता टोपी. आता गुळव्या आला. तिनं आवाज जड केला तो त्याचाच. एकही शब्द न येता शिवाप्पा काहिलीभोवती फिरत होता, आणि झारा वर आला तसा, वर्गाच्या कितीतरी आधी, तो खदखदून हसला.

खिडकीत मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्यांनी चष्म्यावरून खाली बघितलं आणि त्याला इंग्रजीत काहीतरी विचारलं. शिवाप्पा उभा राहिला. त्याच्याकडं जे होतं ते त्यानं दिलं, "थँक्यू."

बाईंनी मग मराठीत विचारलं, "आजोबा, तुम्हाला इंग्रजी समजतं?"

"एवढ्या गोष्टीपुरतं समजतं, बाई."

बाईंनी चष्मा वर सरकवला. मग आत वळल्या. वर्ग आता हसायला लागला होता. मुंग्या आल्या असणार. हसणं ओसरल्यावर बाईंनी प्रश्न विचारला. लांबलचक प्रश्न होता. त्यात शिवाप्पाच्या ओळखीचं काही नव्हतं.

या वेळी कुजबुज आली नाही. शिवाप्पा डब्याच्या कडीवर बोट फिरवत बसला. घरात ही गोष्ट चारदा सांगितली होती, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. याचं उत्तर त्यानं, गंगव्वानं, कुणीच तिच्या हातात दिलेलं नव्हतं.

मग शांभवी बोलली. एक वाक्य, मधे अडखळली, मागं आली, पुन्हा धरलं, आणि त्याला जोडून अजून एक. वर्ग एकदम हसला. क्रांती मॅडम हसल्या. आणि त्या सगळ्यांच्या वरून मुख्याध्यापिकाबाईंचं जाडसर हसू ऐकू आलं, न ठरवता आलेलं.

शिवाप्पा तेवढा हसला नाही. त्याला काही कळलं नव्हतं.

सुटी झाली तशी ती पळतच बाहेर आली. मॅडम दारातून त्याच्याकडं बघून चार बोटं दाखवत होत्या, चौथीची. त्यानं मान हलवली, पण त्याला आधी दुसरंच पाहिजे होतं. त्यानं पोरीचा दंड धरला आणि विचारलं, बाईंनी काय विचारलं आणि तू काय सांगितलंस?

"थांब अज्जा," शांभवी म्हणाली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. "मराठीत कसं सांगायचं बघती."

शिवाप्पा बाकावर सरकून बसला, तिला शेजारी जागा केली, आणि थांबला.